डॉक्टरांवर कौन्सिलची नजर, कौन्सिलवर कोणाची?

त्रिमूर्तीनगर_क्यूसी (धागाकर्ता) | शनिवार, सकाळी ७:४०

मंडळी, नमस्कार. तीनेक वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांचं (वय ६८) पित्ताशयाचं ऑपरेशन आपल्या नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात झालं. दुर्बिणीचं, "परवा घरी" असं सांगितलेलं. प्रत्यक्षात सतरा दिवस लागले आणि मध्ये दुसरं ऑपरेशन करावं लागलं. बाबा आता ठणठणीत आहेत, रोज सकाळी अंबाझरीला फिरून येतात आणि आल्यावर मलाच आळशी म्हणतात. तेव्हा हा धागा शिमग्याचा नाही. कोणाची चूक होती, की असं कधीकधी होतंच, हे मला माहीत नाही. तेच समजून घ्यायला केसपेपर मागितले तर "डिस्चार्ज कार्ड दिलं ना साहेब" म्हणून तीनदा परत पाठवलं.

शेजारचे काका म्हणाले, मेडिकल कौन्सिलला (डॉक्टरांची नोंदणी करते ती संस्था) लिही. त्यांच्याच ओट्यावर बसलेले दुसरे काका म्हणाले, काही उपयोग नाही, तिथे सगळे डॉक्टरच बसतात. दोघांनीही आयुष्यात कौन्सिलला एक पोस्टकार्ड टाकलेलं नाही, हे विशेष.

मी हिंगणा एमआयडीसीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे जॉब (बनवलेला सुटा भाग) मोजायचा व्हर्निअरसुद्धा ठरलेल्या तारखेला कॅलिब्रेशनला, म्हणजे माप बरोबर दाखवतो का ते तपासायला जातो. स्टिकरवरची तारीख उलटली असेल तर त्यानं मोजलेला माल ऑडिटर धरतच नाही. म्हणून साधा प्रश्न : कौन्सिल डॉक्टरांना मोजते. कौन्सिलला कोण मोजतं? तिच्यावर स्टिकर कुठे असतं?

तर्रीबाज | सकाळी ८:०५

काय भाऊ, शनिवारी सकाळी पोहे खाऊ द्याचे का नाई? उत्तर एका ओळीचं हाये. कोणीच नाई मोजत. पुढचा धागा?

इतवारीचे_वकीलकाका | सकाळी ९:३०

तर्रीबाज, पोहे संपवून ये, मग बोलू.

क्यूसी, आधी कागदांचं. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम आहेत. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची, हे त्यात स्पष्ट आहे. भरती रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायची. मागूनही न देणं हा गैरवर्तनाच्या यादीतला प्रकार आहे. पण काउंटरवर तोंडी मागितलेलं म्हणजे न मागितलेलंच. लेखी अर्ज, त्यावर बाबांची सही, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच. आणि अर्ज नुसता व्यवस्थापकाच्या नावे करू नका, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या नावेही करा. हे विनियम बांधतात ते डॉक्टरला, इमारतीला नाही.

इमारतीसाठी वेगळा कायदा, १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, रुग्णहक्कांची सनद त्यात आली. नागपुरात ते बघायचं काम महापालिकेचं.

आता तीन वाटा लोक एकत्र कालवतात, त्या सोडवून घ्या. डॉक्टरच्या नोंदणीबद्दल बोलायचं तर कौन्सिल. ती ताकीद देईल, काही काळ किंवा कायमचं नाव पटावरून काढेल. पैसे एक रुपया देणार नाही. भरपाई हवी तर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात बसवली, तेव्हापासून हे दार उघडं आहे. फौजदारी ही तिसरी वाट, आणि २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर ती मुद्दाम अरुंद ठेवलेली आहे : निष्काळजीपणा ढोबळ असावा लागतो आणि गुन्हा नोंदवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं तटस्थ मत लागतं.

तुमच्या व्हर्निअरचं उत्तर संध्याकाळी देतो. आज घरी पाहुणे आहेत.

महालची_मंजू | सकाळी १०:१२

वाखूसा (वाचनखूण साठवली). ७२ तासांचं मला माहीतच नव्हतं. सासूबाईंच्या वेळी आम्ही एक्सरेची फिल्म मिळावी म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीला दिवाळीचा फराळ दिला होता.

धंतोलीचा_डॉक्टर | दुपारी २:५०

वाचून लिहावंसं वाटलं. धंतोलीत दवाखाना आहे, वीस वर्षं झाली. (पार्किंगबद्दल बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा, मीही रडायला येतो.)

पहिली गोष्ट, क्यूसींचा सूर मला आवडला. चूक होती का ते कळू दे, एवढंच त्यांना हवंय. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पित्तनलिकेला इजा होणं हा जगभर नोंदलेला धोका आहे, अनुभवी हातांकडूनही होतो. खरा प्रश्न पुढचा असतो : ती इजा लवकर ओळखली का, नातेवाइकांना सांगितलं का, वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवलं का. हे केसपेपरवरूनच कळतं. म्हणून कागद लपवणारा दवाखाना स्वतःचंच नुकसान करतो.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. तक्रार वर्षानुवर्षं लटकली की रुग्णाचं जे होतं ते होतंच, डॉक्टरचंही होतं. माझ्या एका मित्राला आखातात नोकरी लागत होती. तिकडे आपल्या नोंदणी संस्थेचं "गुड स्टँडिंग"चं, म्हणजे नोंदणी स्वच्छ असल्याचं पत्र लागतं. त्याच्याविरुद्ध एक तक्रार प्रलंबित होती. कोणत्या संस्थेत ते सांगत नाही. नोकरी गेली. पुढे तक्रारीत काही तथ्य नाही असं ठरलं, पण त्या निकालाचा त्याला काय उपयोग? त्यामुळे "डॉक्टरच डॉक्टरांना वाचवतात, म्हणून फाइल हलत नाही" हे अर्धंच खरं आहे. न हलणारी फाइल कोणालाच वाचवत नाही.

तिसरी गोष्ट, स्वतःच्याच पायावर धोंडा. आमच्या राज्यात नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमवायचे. चांगल्या परिषदा असतात, शिकायला मिळतं. पण हॉटेलात सही करून, जेवून, दुपारच्या सत्राला गाडी काढणारेही असतात, आणि पॉइंट दोघांना सारखेच. माझा हात गेल्या पाच वर्षांत किती सुधारला की बिघडला, हे त्या ३० आकड्यात कुठेच नाही.

तर्रीबाज | दुपारी ३:१०

डॉक्टरसाहेब, तुम्ही खरं बोलून राहिले. आता तुमच्यावर तक्रार होते पाहा.

लीड्सची_सिस्टर | संध्याकाळी ५:४५

मी मेडिकलला (आपलं गव्हर्नमेंट मेडिकल, मेडिकल चौकातलं) नर्सिंग शिकले, बारा वर्षं झाली इंग्लंडात आहे. क्यूसी दादांच्या प्रश्नाचं इथे सरळ उत्तर आहे : स्टिकर लावणारी संस्था आहे. नाव प्रोफेशनल स्टँडर्ड्स अथॉरिटी, पीएसए. ती डॉक्टरांना बघत नाही, नर्सेसना बघत नाही. ती बघते डॉक्टरांची जनरल मेडिकल कौन्सिल, आमची नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, दातवाल्यांची, औषधवाल्यांची, चष्मेवाल्यांची... अशा एकूण दहा संस्थांना. त्यांच्यासाठी १८ निकष ठरवलेत. कोणत्या संस्थेने त्यातले किती पाळले ते अहवालात छापून येतं, कोणीही वाचावं.

पंधरावा निकष मला पाठ आहे, कारण आमची कौन्सिल त्यावरच अडकते : तक्रारींची प्रकरणं न्याय्य राहतील इतक्या, पण होतील तितक्या लवकर निकाली काढणं.

आणखी एक. एखाद्या कौन्सिलने डॉक्टरला किंवा नर्सला फारच स्वस्तात सोडलं असं पीएसएला वाटलं, तर ती स्वतः हायकोर्टात जाऊ शकते. रुग्णाने वकील लावायची गरज नाही.

हे काही इंग्रज शहाणे म्हणून झालं नाही. ब्रिस्टलला लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यू जास्त होत होते आणि आतल्या लोकांना ते माहीत होतं. त्याची चौकशी होऊन २००१ मध्ये अहवाल आला आणि त्यातून ही वरची संस्था निघाली. आजचं नाव मिळालं २०१२ मध्ये. त्याच सुमारास हॅरॉल्ड शिपमन : गावचा लाडका डॉक्टर, २००० साली पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. चौकशीत खरा आकडा अडीचशेच्या आसपास असावा असं निघालं. त्या चौकशीने जनरल मेडिकल कौन्सिललाही सोडलं नाही. डॉक्टरांना सांभाळण्याकडेच तिचा कल होता असं स्पष्ट लिहिलं. त्यानंतर कौन्सिलची निवडणूक बंद झाली. आता बारा सदस्य, सहा डॉक्टर आणि सहा बिनडॉक्टर, सगळे नेमलेले.

पण सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०२४ मध्ये आमच्या नर्सिंग कौन्सिलच्या कारभाराचा स्वतंत्र आढावा बाहेर आला. आत वंशभेद, दादागिरी, साचलेल्या तक्रारी, आणि या सगळ्यात पिचणाऱ्या नर्सेस. आठ लाखांहून जास्त नावं असलेली नोंदणी ही! आणि त्याआधीच्या वर्षांत पीएसएच्या तक्त्यात बहुतेक निकषांपुढे "पाळला" अशीच खूण होती. म्हणजे स्टिकर होतं दादा, तरी व्हर्निअर वाकडा होता.

त्रिमूर्तीनगर_क्यूसी | संध्याकाळी ६:२०

ताई, हे आमच्याकडेही होतं. ऑडिटच्या आदल्या रात्री सगळी रजिस्टरं भरली जातात. त्यामुळे चांगला ऑडिटर रजिस्टर मागतच नाही, शॉप फ्लोअरवर जाऊन हाताला येईल तो जॉब उचलतो.

बाकी मला आता इंग्लंडची नर्सिंगवाली एनएमसी, दिल्लीची नॅशनल मेडिकल कमिशनवाली एनएमसी आणि आपली नागपूर महानगरपालिका, अशा तीन एनएमसी झाल्या. बायकोला सांगितलं एनएमसीला पत्र लिहितोय, तर ती म्हणाली, गडर तुंबलं का?

इतवारीचे_वकीलकाका | रात्री ९:१५

पाहुणे गेले. आता बसतो.

आपल्याकडे नोंदणीचा कायदा जुना. मध्य प्रांताचा १९१६ चा वैद्यकीय नोंदणी कायदा होता, म्हणजे नागपूर राजधानी असतानाचा. मग १९६५ मध्ये महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा कायदा करून राज्यातले निरनिराळे कायदे एक केले. कौन्सिल मुंबईत. सदस्य कोण, तर डॉक्टरांनी निवडून दिलेले आणि शासनाने नेमलेले, म्हणजे मुख्यतः डॉक्टरच. खातं वैद्यकीय शिक्षणाचं. मुदत संपून निवडणूक लांबली की प्रशासक बसतो, हेही आपण पाहिलंय.

वर दिल्लीत मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया होती. तिच्यावर नजर कोणाची, या प्रश्नाचं उत्तर देशाने फार महागात शोधलं. २०१० मध्ये तिच्या अध्यक्षांना सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली आणि सरकारने कौन्सिल बरखास्त करून नियामक मंडळ बसवलं. नंतर कौन्सिल परत आली. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीचा ९२ वा अहवाल आला. तो मिळाला तर जरूर वाचा. सरकारी कागद इतके तिखट क्वचित असतात. त्यातला एक आकडा मी विसरत नाही : १९६३ ते २००९ एवढ्या काळात कौन्सिलच्या आचारसमितीने काळ्या यादीत टाकलेले डॉक्टर फक्त १०९. २०१६ च्याच मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कौन्सिलवर देखरेखीसाठी माजी सरन्यायाधीश लोढांची समिती नेमली. क्यूसी, तुमच्या भाषेत सांगायचं तर कारखान्याचा व्हर्निअर कोर्टाने स्वतःच्या खिशात ठेवला. शेवटी २०१९ चा कायदा आला आणि २५ सप्टेंबर २०२० पासून नॅशनल मेडिकल कमिशन सुरू झालं. त्यात नीतिमत्ता व नोंदणी मंडळ आहे. राज्य कौन्सिलच्या निर्णयावर अपील तिथे, ६० दिवसांत.

अपील कोणी करायचं? इथेच मेख आहे. २००२ च्या विनियमांत २००४ मध्ये दोन कलमं घातली होती. एक, राज्य कौन्सिलने सहा महिन्यांत तक्रार निकाली काढली नाही तर वरची कौन्सिल ती स्वतःकडे मागवू शकते. दोन, राज्य कौन्सिलच्या निर्णयाने नाराज झालेली "कोणतीही व्यक्ती" अपील करू शकते. रुग्णही त्यात आला. २०१९ च्या कायद्याचं ३० वं कलम मात्र नोंदणीकृत डॉक्टरच्या अपिलाबद्दल बोलतं, रुग्णाचं नावच नाही. या शब्दांवर बोट ठेवून रुग्णांची अपिलं परत पाठवली गेली आहेत. गंमत पुढेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कमिशनने नवे विनियम आणले, डॉक्टर चिडले, तीन आठवड्यांत ते स्थगित झाले आणि जुने २००२ चेच पुन्हा लागू केले. म्हणजे कायदा म्हणतो डॉक्टर, विनियम म्हणतात कोणीही. आम्हा वकिलांचं यावर घर चालतं, पण रुग्णाचं नाही चालत.

सिस्टरच्या पीएसएसारखी, फक्त कौन्सिलांची कामगिरी तपासून तिचे गुण छापणारी संस्था आपल्याकडे नाही. कोर्ट आहे, लेखापरीक्षण आहे, सरकारला बरखास्तीचा अधिकार आहे. पण हे सगळं घर पेटल्यावर बंब बोलावण्यासारखं.

तर्रीबाज | रात्री ९:४०

म्हणजे मी सकाळी एका ओळीत जे सांगितलं तेच वकीलकाकांनी तीन परिच्छेदांत सांगितलं. फी कितीक झाली काका?

इतवारीचे_वकीलकाका | रात्री ९:४४

तुझ्याकडून सावजी घेईन.

महालवाला_ब्रिस्बेनकर | रविवार, पहाटे ४:३०

इकडे सकाळ झाली. माझं मूळ घर महालात, चौदा वर्षं झाली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात. इथल्या भारतीयांना एक नाव अजून टोचतं : जयंत पटेल. जामनगरचे पदवीधर, अमेरिकेतून इकडे आलेले सर्जन. २००३ ते २००५ बंडाबर्गच्या सरकारी रुग्णालयात होते. ओरेगॉनमध्ये त्यांच्या शस्त्रक्रियांवर बंधनं घातलेली होती आणि न्यूयॉर्कमध्ये परवाना सोडावा लागला होता. त्यांनी अर्जात हे लपवलं. पण ओरेगॉनहून आलेल्या दाखल्यात "सोबत जोडपत्र" असा उल्लेख होता, आणि ते जोडपत्र जागेवर नव्हतं. इथल्या नोंदणी मंडळात कोणी विचारलंच नाही की जोडपत्र कुठे गेलं.

टोनी हॉफमन नावाची आयसीयूची नर्स दोन वर्षं वरिष्ठांना सांगत राहिली. शेवटी आमदाराने विधानसभेत विषय काढला तेव्हा चौकशी बसली. मनुष्यवधाची शिक्षा नंतर अपिलात रद्द झाली आणि शेवटी नोंदणीतल्या फसवणुकीवर प्रकरण थांबलं, हेही सांगायला हवं. पण मंडळाचं वाभाडं निघालं ते निघालंच.

पुढे २०१० मध्ये देशभर एकच नोंदणी झाली. क्वीन्सलंडने २०१४ पासून त्यावर स्वतःचा आरोग्य लोकपाल ठेवला. क्यूसींसाठी महत्त्वाचं ते आता. कायद्याने त्या लोकपालाला मुदती बांधून दिल्यात. चौकशी एक वर्षात संपवायची. संपली नाही तर ती लांबलेली चौकशी एका जाहीर नोंदवहीत चढते, संकेतस्थळावर, कोणीही बघावी. दोन वर्षं उलटली तर मंत्र्याला आणि विधानसभेच्या समितीला कळवावं लागतं. आणि त्या समितीचं कामच हे, की लोकपाल आणि नोंदणी मंडळं दोघांच्याही कामगिरीवर लक्ष ठेवायचं. लोकपाल समितीपुढे येऊन बसतो आणि आमदार विचारतात, अमुक महिन्यात एवढ्या फाइल्स का साचल्या?

मी एकदा ती नोंदवही उघडून पाहिली. एकही नाव नाही, नुसते प्रकरणाचे क्रमांक आणि तारखा. बघायला किराण्याच्या उधारीच्या वहीसारखी.

धंतोलीचा_डॉक्टर | रविवार, सकाळी ८:१५

ही वही मला मान्य आहे. नाव नाही, बदनामी नाही, पण उशीर लपत नाही. आमच्या असोसिएशनलाही यावर हरकत घ्यायचं कारण दिसत नाही.

निवृत्त_हेडक्लार्क | सकाळी ११:००

बरेच दिवस वाचतो आहे, आज लिहितो. एका नियामक कार्यालयात आयुष्य गेलं. कोणतं ते विचारू नये, पेन्शन चालू आहे.

ब्रिस्बेनकरांनी लाखाची गोष्ट सांगितली, ती पुढे गेलेली दिसते म्हणून पुन्हा धरून आणतो. वरून पत्र यायचं : "तिमाहीत किती प्रकरणे निकाली काढली?" आम्ही काय करायचो? सोपी प्रकरणं आधी काढायचो. अर्जावर सही नाही, फेटाळा. तक्रारदार दोन तारखांना गैरहजर, फेटाळा. तिमाहीचा आकडा भरला. जाड फाइल, ज्यात तज्ज्ञाचं मत मागवायचंय, दोन बाजूंचे वकील आहेत, ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात. तिला हात लावला तर महिना जातो आणि आकड्यात भर पडते एकाची. पत्रक वर गेलं की शेरा यायचा, "समाधानकारक". मी स्वतः बारा वर्षं समाधानकारक होतो.

खालच्या कप्प्यातल्या माणसाचं काय? एक बाई गडचिरोलीकडून यायच्या. तारीख लागली की आदल्या रात्री निघायच्या. साहेब दौऱ्यावर, पुढची तारीख. त्यांच्या हातात कायम निळी कापडी पिशवी असायची. आत मुलाचे कागद. चार वर्षांनी पिशवीचा रंग गेलेला मला आठवतो, फाइलचा निकाल आठवत नाही, कारण तोवर माझी बदली झाली.

म्हणून निकाली किती, शिक्षा किती, सरासरी किती, यावर जाऊ नका. शिक्षा जास्त म्हणजे कौन्सिल चांगली असंही नाही, डॉक्टरसाहेब सांगतीलच. मला एकच आकडा द्या : सगळ्यात जुनी फाइल कोणत्या तारखेची आहे आणि तिला शेवटचा हात कधी लागला. त्यावरून मी कार्यालयाची कुंडली मांडून देतो.

महालची_मंजू | सकाळी ११:२०

काका, निळ्या पिशवीचं वाचून बसून राहिले थोडा वेळ.

तर्रीबाज | सकाळी ११:२६

+१. आज टवाळी नाई करत.

त्रिमूर्तीनगर_क्यूसी | दुपारी १:०५

हेडक्लार्क काका, आमच्याकडे याला एजिंग म्हणतात. रिजेक्शनच्या रॅकवर कोणता माल किती दिवस पडून आहे त्याची यादी. मॅनेजर सगळ्यात आधी तीच मागतो.

मग आपणच मागू या का? माझी तक्रार राहू दे बाजूला, ती करायची की नाही हे कागद आल्यावर ठरेल. पण कौन्सिलला माहितीच्या अधिकारात विचारता येईल ना? कच्चा मसुदा करतो.

इतवारीचे_वकीलकाका | दुपारी १:३०

येईल. कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग. त्याचं खंडपीठ इथे नागपुरातच आहे. पण दोन पथ्यं पाळा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द १५० पर्यंत. आणि "का", "कसे" असे प्रश्न नकोत. कागदावर जे आहे ते मागा.

त्रिमूर्तीनगर_क्यूसी | रात्री ८:५०

पहिला मसुदा ४१० शब्दांचा झाला होता. बायकोने कात्री लावली. हा घ्या :

"विषय : डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारींची प्रलंबितता.
१) ३१ मार्च २०२५ रोजी प्रलंबित तक्रारींची एकूण संख्या.
२) त्यांपैकी सहा महिने, एक वर्ष, तीन वर्षे व पाच वर्षे यांपेक्षा जुन्या तक्रारींची स्वतंत्र संख्या.
३) सर्वांत जुन्या प्रलंबित तक्रारीचा दाखल दिनांक व तिच्यातील शेवटच्या सुनावणीचा दिनांक. नावे नकोत.
४) १ एप्रिल २०२० पासून वर्षनिहाय निकाली तक्रारी, त्यांत ताकीद, निलंबन, नाव कमी करणे व फेटाळणे यांची संख्या.
५) तक्रारींच्या प्रलंबिततेबाबत कौन्सिलकडून शासनास किंवा नॅशनल मेडिकल कमिशनला अहवाल जातो का? कोणी तपासतो का?"

इतवारीचे_वकीलकाका | रात्री ९:१०

पाचवा बदला. "जातो का" विचारलं की "अर्जातील प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येईल. लिहा : "याबाबत शासनास किंवा नॅशनल मेडिकल कमिशनला पाठवलेल्या शेवटच्या अहवालाची प्रत."

धंतोलीचा_डॉक्टर | रात्री ९:२५

चौथ्यात एक भर घाला. "फेटाळणे" हे दोन भागांत मागा : गुणवत्तेवर फेटाळलेल्या आणि तांत्रिक कारणाने फेटाळलेल्या. काल-परवापर्यंत हा फरक मला सुचला नसता, हेडक्लार्क काकांनी डोळे उघडले.

लीड्सची_सिस्टर | रात्री ९:४०

आणि कोणीतरी हाच अर्ज नर्सिंग कौन्सिललाही टाका ना. आयुर्वेदवाल्यांची वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, दातांची वेगळी, फिजिओथेरपीची वेगळी. सगळे मेडिकल कौन्सिलच्याच मागे लागतात. आईला रात्री सलाइन लावते ती नर्स, आणि तिच्या नोंदणीचं कोणी विचारतच नाही.

महालची_मंजू | रात्री ९:५२

नर्सिंगचा मी टाकते. विषय एकच असायला हवा म्हणजे अर्ज वेगळाच लागेल ना, काका?

इतवारीचे_वकीलकाका | रात्री ९:५५

हो, वेगळा अर्ज, वेगळा स्टॅम्प. शिवाय डिसेंबरात अधिवेशनाला अख्खं सरकार इथे सिव्हिल लाइन्सला येऊन बसतं. तोवर उत्तरं आली तर एखाद्या आमदाराकडून तारांकित प्रश्न लावता येईल. ब्रिस्बेनकरांची समिती नाही आपल्याकडे, पण विधानभवन सायकलवर जाता येईल इतकं जवळ आहे.

निवृत्त_हेडक्लार्क | रात्री १०:३०

उत्तर काय येईल ते आजच सांगून ठेवतो. दोन आणि तीनला : "सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." मी स्वतः हे वाक्य शेकडो वेळा टाइप केलंय. तसं आलं की निराश होऊन धागा सोडू नका. अपिलात लिहा की आवक नोंदवही पाहण्यास मिळावी. तारखा त्यात असतातच. आवक नोंदवही नाही असं कोणताच क्लार्क म्हणू शकत नाही.

त्रिमूर्तीनगर_क्यूसी | मंगळवार, सायंकाळी ६:१५

अपडेट.

जीपीओतून रजिस्टर्ड एडीने अर्ज पाठवला. डॉक्टरसाहेबांची भर घालूनही दीडशेच्या आत बसला, पत्ता न मोजता.

दवाखान्यात लेखी अर्ज घेऊन बाबांना सोबत नेलं. रिसेप्शनवर पुन्हा तेच सुरू झालं, डिस्चार्ज कार्ड वगैरे. बाबा म्हणाले, "मुली, मी काही मागत नाही, तू फक्त यावर शिक्का मार." तिने शिक्का मारला. पोच मिळाली, तारीख-वेळेसह. ७२ तास शुक्रवारी दुपारी १२:४० ला संपतात.

तर्रीबाज | सायंकाळी ६:३२

शुक्रवारी साडेबाराले मी तिथे येतो भाऊ. भांडाले नाई, नुसता बसाले. दवाखान्यासमोर पोहेवाला आहे का तेवढं सांग.